बाथ रोडवरचं कोलनब्रुक : रस्ता सरकत गेला आणि गावाचं काय झालं

शुक्रवार

लंडनला जाणारे आपले बहुतेक लोक हीथ्रोला उतरतात आणि तिथनं थेट शहराकडे निघतात, पण विमानतळाला अगदी चिकटून असलेली जुनी गावं कुणी बघत नाही. माझी मावसबहीण विमानतळाजवळच्या स्लाव शहरात राहते, भाऊजी कोलनब्रुकला लागून असलेल्या पॉइलला एका कार्गोच्या गोदामात काम करतात, त्यामुळे मला ती गावं बघायला आयतंच निमित्त मिळालं. स्लावमधे आता आयटीतली मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांच्याही आधीपासून पंजाबी लोक आहेत, आणि गणपतीच्या दिवसांत मोदक कुठे मिळतील हे ताईला पाठ आहे.

ताईच्या घरापासून पाच मिनिटांवर ए-४ रस्ता आहे. दिसायला साधा चौपदरी, सिग्नल, पेट्रोल पंप, कार्पेटची दुकानं. पण हाच तो जुना बाथ रोड, लंडनहून हाउन्स्लो, लाँगफर्ड, कोलनब्रुक, स्लाव, मेडनहेड, रेडिंग करत बाथ आणि ब्रिस्टलला जाणारा. स्लावचा मोठा औद्योगिक पट्टाही याच रस्त्याच्या कडेला १९२० पासून वाढला, पहिल्या महायुद्धातल्या लष्करी गाड्या दुरुस्त करून विकायचा डेपो होता तिथे. मला बघायचं होतं ते मात्र याच्या पूर्वेचं छोटं गाव, कोलनब्रुक. रात्री जेवताना भाऊजींनी सांगितलं की ते रोज त्या बाजूनं जातात पण गावातनं कधीच नाही, बायपासनंच. या गावाची विसाव्या शतकातली निम्मी गोष्ट त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं.

शनिवार

८१ नंबरची बस स्लावहून हाउन्स्लोला जाते, त्यात बसून सकाळीच गेलो. बस मोठा रस्ता सोडून आत वळली तसा आवाज एकदम कमी झाला. गावाचा हाय स्ट्रीट अरुंद आहे, थोडी वळणं घेत जातो, दोन्ही बाजूंना विटांची जॉर्जियन, म्हणजे साधारण अठराव्या शतकाच्या धाटणीची घरं, मधेच एखादं लाकडी सांगाड्याचं काळं-पांढरं घर, आणि खालून कोलन नदीचा एक फाटा वाहतो. कोलन इथे अनेक फाट्यांत विभागली जाते त्यामुळे या सगळ्या भागात थोडं चाललं की पूल लागतो. गाव लंडनच्या हाइड पार्क कॉर्नरपासून साधारण १७ मैलांवर, म्हणजे घोडागाडीच्या काळात घोडे बदलायला, जेवायला, मुक्कामाला अगदी नेमक्या अंतरावर.

म्हणूनच गावात एवढ्या खाणावळी आणि पथिकाश्रम. सगळ्यात प्रसिद्ध ऑस्ट्रिच इन. ती ११०६ पासूनची आहे असा दावा करतात, आत्ताची इमारत मात्र साधारण १५०० च्या आसपासची, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला आणि मधे गाड्या आत घ्यायला मोठी कमान. या इनची एक भयंकर दंतकथा आहे. मालक जारमन आणि त्याची बायको श्रीमंत मुसाफिराला सगळ्यात चांगल्या खोलीत झोपवायचे, त्या खोलीतला पलंग जमिनीला बिजागरीनं जोडलेला, मध्यरात्री खिळ काढली की पलंग कलायचा आणि झोपलेला माणूस खाली उकळत्या कढईत. कथेप्रमाणे साठ-एक माणसं अशी मेली आणि शेवटी रेडिंगचा कापड व्यापारी थॉमस कोल याच्या खुनात हे दोघं पकडले गेले. साधारण १६०० च्या सुमारापासून ही गोष्ट छापील स्वरूपात आहे, खरी असल्याचा पुरावा काही नाही. पण अशी गोष्ट कुठल्या गावाला चिकटेल, तर जिथे रोज अनोळखी लोक येतात, पैसे घेऊन येतात, सकाळी निघून जातात आणि गेले की नाहीत हे कुणी विचारत नाही अशाच गावाला. रस्त्यावर जगणाऱ्या गावाची भीती आहे ती.

१७२७ मधे इथे कोलनब्रुक टर्नपाइक ट्रस्ट झाला, म्हणजे टोल घ्यायचा आणि त्यातनं रस्ता नीट ठेवायचा. २ ऑगस्ट १७८४ ला जॉन पामरची पहिली मेल कोच, म्हणजे टपालाची घोडागाडी, ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला धावली, ती याच गल्लीतनं गेली. पुढची पन्नासेक वर्षं गावाची भरभराट होती. मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे आली, १८३८ मधे पॅडिंग्टन ते मेडनहेड सुरू झाली आणि लाइन स्लाव-लँगलीवरनं गेली, कोलनब्रुक बाजूला पडलं. घोडे गेले, तबेले रिकामे झाले. १८८४ ला वेस्ट ड्रेटनहून एक छोटा फाटा गावापर्यंत आला आणि पुढच्या वर्षी स्टेन्सपर्यंत वाढला, पण तो आला तेव्हा उशीर झाला होता.

म्हणजे विसावं शतक उजाडलं तेव्हा कोलनब्रुक हे एक झोपलेलं गाव होतं, मोठ्या मोठ्या कमानी आणि त्यातनं आत जायला कुणी नाही. मग सायकलवाले आले आणि त्यांच्यामागोमाग मोटारी. डांबर नसलेल्या रस्त्यावरच्या मोटारी म्हणजे धुळीचे ढग, त्या काळात रस्त्याकाठच्या सगळ्याच गावांची ही तक्रार होती. पहिल्या महायुद्धानंतर लॉऱ्या वाढल्या, रविवारी सहलीच्या बसगाड्या वाढल्या, आणि चार घोड्यांच्या कोचसाठी पुरेशी असलेली गल्ली तुंबायला लागली. इनवाल्यांना पुन्हा बरे दिवस आले असणार, वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांचे मात्र हाल.

यावर सरकारनं काढलेला उपाय म्हणजे बायपास. महायुद्धानंतर लंडनबाहेर नवे मोठे रस्ते बांधायचा कार्यक्रमच निघाला होता, बेकारांच्या हाताला काम देणं हाही त्यामागचा एक उद्देश. १९२५ मधे राजा पाचवा जॉर्ज यानं ब्रेंटफर्डच्या गर्दीला वळसा घालणारा ग्रेट वेस्ट रोड खुला केला, आणि १९२९ मधे कोलनब्रुकच्या उत्तरेनं सरळसोट नवा रस्ता झाला. इतक्या लवकर बायपास मिळालेली गावं इंग्लंडमधे फार नाहीत, बऱ्याच गावांना साठ-सत्तरच्या दशकापर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे झालं काय, की दुकानाच्या काचा मोठ्या करायला, कोपऱ्यावरची घरं पाडून वळण रुंद करायला, अंगणात पेट्रोल पंप टाकायला इथे कुणाला कारणच उरलं नाही. हाय स्ट्रीटवर आज एवढी जुनी घरं ओळीनं उभी आहेत ती कुणाच्या इतिहासप्रेमामुळे नाही, गिऱ्हाईक निघून गेल्यामुळे उभी आहेत. हे मला तिथे उभं राहूनच कळलं आणि खरंच हलून गेलो मी, कारण मी पनवेलचा, मुंबई-पुणे हायवेच्या कडेला वाढलोय, एक्सप्रेसवे झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या वडापाववाल्यांचं काय झालं ते बघितलंय.

दुपारी गावात नुसताच हिंडलो. कोलनब्रुकची आणखी एक ओळख मला फार आवडली, ती म्हणजे सफरचंद. रिचर्ड कॉक्स नावाचा लंडनचा दारूभट्टीवाला निवृत्त होऊन इथे राहायला आला आणि १८२५ च्या सुमारास त्यानं रिबस्टन पिपिन या सफरचंदाच्या जातीच्या बियांपासून एक झाड वाढवलं, तेच कॉक्सेस ऑरेंज पिपिन. पुढे स्लावच्या चार्ल्स टर्नर या रोपवाटिकावाल्यानं ते बाजारात आणलं आणि विसाव्या शतकात ते इंग्रजांचं सगळ्यात लाडकं खायचं सफरचंद झालं. सगळ्या देशात बागा लागल्या. आणि ज्या मातीत ते जन्मलं तिथली जमीन त्याच शतकात खडी काढण्यासाठी खणली गेली, काही खड्ड्यांत तळी झाली, बाजूला क्वीन मदर रिझर्वॉयर नावाचा अवाढव्य पाणीसाठा १९७६ मधे झाला, त्याचा मातीचा बांध लांबूनच डोंगरासारखा दिसतो. लंडनला पाणी लागतं, रस्त्यांना खडी लागते, विमानांना इंधन लागतं, ते सगळं कुणाच्या तरी शेतातनं जातं. त्या छोट्या रेल्वे फाट्याची प्रवासी गाडी मार्च १९६५ मधे बंद झाली, पण रूळ अर्धे शिल्लक आहेत आणि त्यावरनं आजही विमानाचं इंधन येतं.

हे सगळं मी लिहितोय त्यात एक गोष्ट राहिली, विमानं. तुम्ही हाय स्ट्रीटवर उभे राहून बोलताय आणि वाक्य मधेच थांबवावं लागतं. पश्चिमेचा वारा असला की विमानं या बाजूला उडतात आणि हीथ्रोच्या दोन धावपट्ट्यांची अदलाबदल रोज दुपारी तीनला करतात, आसपासच्या लोकांना निदान अर्धा दिवस थोडी शांतता मिळावी म्हणून. ताईकडे आलेल्या शेजारीणबाईंनी सांगितलं की त्या मुलांचा अभ्याससुद्धा तीनच्या हिशोबानं ठरवायच्या.

रविवार

आज चालत. कोलनब्रुकहून पूर्वेला जुन्या रस्त्यानं पॉइल, मग पुढे लाँगफर्ड. पॉइलमधे भाऊजींसारख्या हजारोंचं पोट भरणारी गोदामं आहेत, एकाला एक लागून, पत्र्याची, राखाडी, त्यांच्यामधे एखादंच जुनं घर. आणि मग एम-२५ हा मोटरवे. लंडनभोवतीचं हे वर्तुळ ऑक्टोबर १९८६ मधे पूर्ण झालं आणि त्यानं कोलनब्रुक-पॉइलला लाँगफर्डपासून तोडलं. त्याआधी १९६५ मधे लंडनहून पश्चिमेला जाणाऱ्या एम-४ मोटरवेचा चिझिक ते लँगली हा तुकडा सुरू झाला तेव्हा ब्रिस्टलची खरी वाहतूक तिकडे गेली, म्हणजे १९२९ चा बायपाससुद्धा स्वतः बायपास झाला. गावाला तर आता कुठल्या बाजूला मोठा रस्ता नाही असं उरलंच नाही. कारभाराचीही तीच कथा, गाव बकिंगहॅमशायर आणि मिडलसेक्सच्या सीमेवर, पॉइल १९६५ ला सरे परगण्यात गेलं, आणि शेवटी १९९५ मधे दोन्ही मिळून स्लावला जोडली गेली. गाव एक, पण कागदावर कित्येक वर्षं तुकड्यांत.

लाँगफर्डच्या टोकाला, जिथे जुना बाथ रोड आणि बायपास एकत्र येतात, तिथे एक मॅकडॉनल्ड्स आहे. मी त्याच्यासाठी मुद्दाम थांबलो. लाँगफर्डमधे किंग्ज हेड नावाची इन होती, एकोणिसाव्या शतकात पेगी बेडफर्ड नावाची बाई ती चालवायची आणि इतकी प्रसिद्ध झाली की लोक इनलाच तिच्या नावानं ओळखायला लागले. बायपास झाला, गिऱ्हाईक गावातनं जायचं बंद झालं, तेव्हा धंदा गावातली जागा सोडून या तिठ्यावर आला, मोटारवाल्यांसाठी ऐसपैस नवं पब, पाटीवर पुन्हा तेच नाव, पेगी बेडफर्ड. ते पब आता नाही, पाडलं, आणि त्या जागी हे मॅकडॉनल्ड्स. ऑस्ट्रिचनं हे केलं नाही, ती जुन्या गल्लीत राहिली, कमी गिऱ्हाइकात राहिली, आणि तिची कमान अजून तिथेच आहे. या दोन इन शेजारी ठेवून बघितल्या की मला तरी असं दिसतं की वाहतुकीच्या मागे धावत गेलेली गोष्ट पुढच्या बदलात पहिली पुसली जाते. अर्थात मालकाला हे कसं सांगणार, त्याला तर उद्याचा गल्ला दिसतो आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

तिथनं जवळच, बायपासच्या कडेला, हार्मंड्सवर्थ आणि कोलनब्रुक नावांची दोन इमिग्रेशन केंद्रं शेजारी शेजारी आहेत. उंच कुंपण. देशाबाहेर पाठवायच्या लोकांना तिथे ठेवतात, आपल्याकडचेही असतात त्यात. शेकडो वर्षं ज्या गावाचं नाव मुसाफिरांना जेवण आणि अंथरूण देण्यासाठी माहीत होतं ते नाव आज वकिलाच्या कागदावर अशा ठिकाणाचं म्हणून येतं. मी तिथे फार थांबू शकलो नाही.

लाँगफर्ड छोटंसं, एकच रस्ता, झाडं, जुनी घरं, दोन पब, दोन कालवेवजा नद्या. त्यातली लाँगफर्ड रिव्हर माणसांनी खोदलेली आहे, पहिल्या चार्ल्सच्या काळात १६३८-३९ मधे, हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याला पाणी पुरवायला. गावाच्या दक्षिणेला लगेच धावपट्टी. विमान इतकं खाली की त्याच्या पोटावरचे पॅनेलचे सांधे दिसतात.

मग उत्तरेला हार्मंड्सवर्थ. इथलं ग्रेट बार्न बघायला मी खास रविवार राखला होता कारण उन्हाळ्याच्या महिन्यांत काही ठराविक रविवारीच ते उघडतात. १४२६ च्या आसपास विंचेस्टर कॉलेजनं बांधलेलं धान्याचं कोठार, ५८ मीटरच्या वर लांब, बारा खणांचं, सगळं ओकचं लाकूड, आणि आत गेलं की खरोखर श्वास रोखला जातो, खांबांच्या दोन रांगा, वर तुळयांची जाळी आणि फटीतनं येणारा उजेड. कवी जॉन बेट्जेमननं याला मिडलसेक्सचं कॅथेड्रल म्हटलं होतं. दुर्लक्षानं खराब होत चाललं होतं, २०११ च्या अखेरीस जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेनं २०,००० पौंडांना घेऊन वाचवलं. तिथे एक वयस्कर स्वयंसेवक बाई होत्या, त्यांनी मला एका खांबावर सुताराच्या खुणा दाखवल्या, कुठला तुकडा कुठे बसवायचा त्याच्या, आणि मग म्हणाल्या, "या मातीत काय उगवायचं ते बघायचं असेल तर या कोठाराची लांबी बघा." त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. हा सगळा पट्टा इंग्लंडमधल्या उत्तम जमिनीचा, लंडनला भाजी आणि फळं पुरवणारा. रात्री गाड्या भरून कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराला जायच्या आणि येताना शहरातल्या तबेल्यांचं शेणखत घेऊन यायच्या, हे चक्र मोटारी येईपर्यंत चालू होतं.

सोमवार

आज हीथ्रो, म्हणजे विमानतळ नव्हे, त्याच्याखालचं गाव. बाथ रोडवर थ्री मॅगपाइज नावाचं जुनं पब अजून आहे, हॉटेलांच्या आणि कार पार्कच्या मधे एकटं. त्याच्याजवळनं दक्षिणेला एक गल्ली जायची, त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना विरळ पसरलेली शेतघरं, फळबागा, तळं, हे हीथ्रो. १९३० मधे विमानं बनवणाऱ्या फेअरी कंपनीनं इथे छोटा गवताळ विमानतळ केला, विमानं तपासायला, त्याचा शेतीला फार त्रास नव्हता. १९४४ मधे सरकारनं युद्धकाळातले अधिकार वापरून जमीन घेतली, लष्करी विमानतळ हवा असं सांगून, आणि माणसांना थोड्या मुदतीत घरं रिकामी करायला लावली. युद्ध संपलं तेव्हा विमानतळ पुरा झालाही नव्हता आणि तो सरळ नागरी झाला. त्या वेळी हवाई खात्यात मंत्री असलेल्या हॅरॉल्ड बाल्फर यांनी पुढे स्वतःच लिहिलं की मनात पहिल्यापासून नागरी विमानतळच होता, युद्धाचं कारण पुढे केलं ते चौकशी आणि विरोध टाळायला. हे वाचल्यापासून माझा राग गेलेला नाही. जमीन लागत असेल, मान्य, पण मग खरं सांगून मागा, लोकांना बोलू द्या.

१ जानेवारी १९४६ ला इथनं पहिलं नागरी विमान ब्यूनस आयर्सला उडालं, आणि सुरवातीला प्रवाशांसाठी टर्मिनल म्हणजे बाथ रोडच्या कडेला उभारलेले लष्करी तंबू, आत आरामखुर्च्या आणि फुलदाण्या. पुन्हा रस्त्याकाठचा मुक्कामच की तो. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला यायला निघालं, आणि तिथपासून आपल्या लोकांच्या येण्याजाण्याचा धागा या मातीशी बांधला गेला. पुढे विमानतळाच्या साफसफाईत, केटरिंगमधे, सामानाच्या पट्ट्यांवर आपल्या बायका-पुरुषांनी आयुष्यं काढली. म्हणून मला या गोष्टीत फक्त गाव गेल्याचं दुःख मांडता येत नाही, ताईचं घर त्याच विमानतळाच्या पगारावर उभं आहे.

विमानतळाच्या कडेनं जाणाऱ्या उत्तरेच्या परिमिटर रोडवर एक तोफ जमिनीत उभी पुरलेली आहे, ती अवश्य बघा. १७८४ च्या उन्हाळ्यात जनरल विल्यम रॉयनं हीथ्रोच्या सपाट माळावर पाच मैलांहून थोडी लांब रेषा मोजली, आधी लाकडी दांड्यांनी, मग लाकूड दमटपणानं बदलतं म्हणून काचेच्या नळ्यांनी, आणि ब्रिटनचं सगळं पुढचं नकाशाकाम त्या रेषेपासून सुरू झालं. तोफ तिच्या एका टोकाची खूण. त्याच उन्हाळ्यात, इथनं पायी गाठता येईल इतक्या अंतरावर, बाथ रोडवरनं पहिली मेल कोच गेली होती.

आता पुढचं. तिसऱ्या धावपट्टीचा विषय २००९ ला मंजूर, २०१० ला रद्द, जून २०१८ ला पार्लमेंटमधे पुन्हा मंजूर, २०२० मधे एका कोर्टात अडकला आणि वरच्या कोर्टात सुटला, आणि जानेवारी २०२५ मधे अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी पुन्हा पाठिंबा दिला. झाली तर लाँगफर्ड पूर्ण जाईल, हार्मंड्सवर्थचा मोठा भाग जाईल, घरं साडेसातशेच्या आसपास. इतकी वर्षं "जाणार, नाही जाणार" ऐकत राहिलेल्या गावात माणूस छप्पर दुरुस्त करेल का, नवी झाडं लावेल का. लाँगफर्डमधे मला भेटलेल्या एका काकांनी मात्र या वर्षी कुंपण नवं घातलंय, हिरव्या रंगाचं, आणि ते अभिमानानं दाखवलं.

जायचं असेल तर स्लाव किंवा हाउन्स्लोहून ८१ नंबर धरा, कोलनब्रुकला उतरा, ऑस्ट्रिचची कमान बघा, मग लाँगफर्ड आणि हार्मंड्सवर्थ पायी करा, बूट चांगले घाला कारण फुटपाथ मधेच संपतात. बार्न उघडं असण्याचे रविवार आधी बघून ठेवा. आणि विमानाला चार-पाच तास अवकाश असेल तर टर्मिनलमधे बसून राहू नका, लाँगफर्ड अगदी कुंपणापलीकडे आहे.